मुंबईचे लोहमार्ग आणि कर्जत-खालापूरचा उतारू

मुंबईच्या लोकल गाड्यांच्या मार्गांस 'जाळें' म्हणण्याचा प्रघात आहे. शब्द सोयीचा असला तरी तो खरा नाहीं. जाळ्यांत एका गांठीपासून दुसऱ्या गांठीकडे जावयास अनेक वाटा असतात. एक तुटली तर दुसरी हाताशीं असते. मुंबईच्या लोहमार्गांत ही सोय फार थोडी आहे. त्यांची रचना जाळ्याची नसून पंजाची आहे. श्रोत्यांनीं आपला उजवा हात, बोटें वर करून व तळवा पलीकडे फिरवून, क्षणभर डोळ्यांसमोर धरावा. मनगट म्हणजे दक्षिण मुंबई. तेथें चर्चगेट व छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस हीं दोन मुख्य स्थानकें. डावीकडे पसरलेला आंगठा म्हणजे विरारवरून डहाणूकडे जाणारा पश्चिम रेल्वेचा मार्ग. तर्जनी कसाऱ्याला, मधलें बोट कर्जतवरून खोपोलीला, अनामिका पनवेलला आणि करंगळी उरणला. हा हिशेब तंतोतंत नाहीं. तर्जनी व मधलें बोट कल्याणपर्यंत एकमेकांस चिकटलेलीं आहेत, आणि २०२४ सालीं पुऱ्या झालेल्या उरणच्या करंगळीचा उगम मनगटापाशीं नसून नेरूळ-बेलापूरपाशीं आहे. तरी नकाशा हाताशीं नसतांना एवढें चित्र पुष्कळ काम करतें.

ह्या चित्रांत कर्जत व खालापूर हे रायगड जिल्ह्यांतील दोन तालुके मधल्या बोटाच्या अगदीं टोकाला येतात. मुख्य स्थानकापासून कर्जत सुमारें १०० किलोमीटर, आणि खोपोली आणखी १५ किलोमीटर पुढें. टोकाला राहणाऱ्याची चूक महाग पडते. दादरच्या रहिवाशानें चुकीची गाडी पकडली तर पुढच्या स्थानकावर उतरून चार मिनिटांत त्याला दुसरी मिळते. खोपोलीच्या उतारूची एक गाडी हुकली तर त्याचा तास जातो, कधीं त्याहूनहि अधिक. आणि तो जर झोपेच्या गुंगींत कसाऱ्याच्या गाडींत बसला असेल तर शहाड, आंबिवली हीं नांवें ऐकूं येईपर्यंत त्याला आपण कोणत्या दिशेला चाललों आहोंत ह्याचा पत्ताहि लागत नाहीं. म्हणून स्थानकांचीं नांवें ओळीनें पाठ करण्यापेक्षां मार्ग कोठें फुटतात व कोठें जुळतात हें जाणणें अधिक उपयोगाचें आहे. गाड्यांच्या वेळा आतां खिशांतला भ्रमणध्वनीहि सांगतो. फांटे कां फुटले, हें मात्र तो सांगत नाहीं, आणि कारण कळल्यावांचून फांटा ध्यानांत राहत नाहीं.

पहिला व सर्वांत महत्त्वाचा फांटा कल्याणचा. त्याचें कारण मुंबईंत नसून सह्याद्रींत आहे. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत २१ मैल पहिली आगगाडी धांवली, आणि पुढच्याच वर्षीं मार्ग कल्याणला पोंचला. परंतु ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीला ठाणें-कल्याण गांठावयाचें नव्हतें. तिला देशावरचा कापूस बंदरांत आणावयाचा होता. देशावर चढावयास दोनच घाट सोयीचे दिसले, उत्तरेकडील थळघाट व दक्षिणेकडील बोरघाट. एका घाटाकडे ईशान्येस व दुसऱ्याकडे आग्नेयेस, असे कल्याणहून दोन मार्ग फुटले. रेल्वेच्या दप्तरांत त्यांना अजूनहि ईशान्य मार्ग व आग्नेय मार्ग असेंच म्हणतात. थळघाटाचा पायथा तो कसारा, बोरघाटाचा पायथा ती कर्जत-खोपोली. म्हणजे लोकल गाड्यांचीं हीं दोन टोकें कोणी शहराच्या गरजेनुसार ठरविलेलीं नाहींत, डोंगरानें ठरविलीं. कल्याणपासून कर्जतपर्यंत गाडी उल्हास नदीच्या खोऱ्यांतून जाते. बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी रोड हीं स्थानकें त्या खोऱ्यांत ओळीनें मांडलेलीं आहेत. नदीचें खोरें ध्यानांत असलें कीं ही ओळ निराळी पाठ करावी लागत नाहीं.

खोपोलीच्या वांट्याला तर एके काळीं मोठा मान आला होता. १८५६ सालीं मार्ग पळसदरीवरून खोपोलीला पोंचला, आणि घाट पुरा होईपर्यंत खोपोली हेंच मुंबईच्या बाजूचें शेवटचें ठिकाण राहिलें. १८५८ सालीं घाटमाथ्यावर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत गाडी सुरू झाली. मधला घाट मात्र उतारूंना पालखींतून, तट्टावरून किंवा बैलगाडीनें चढावा लागे. मुंबई-पुण्याचा प्रत्येक उतारू त्या वर्षांत खोपोलीला उतरलेला आहे. १८६३ सालीं बोरघाटाचा लोहमार्ग खुला झाला. तो पळसदरीपाशींच वळून डोंगरांत शिरला आणि खोपोली बाजूला पडली. हमरस्त्यावरचें गांव एका दिवसांत गल्लींतलें झालें. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी व खोपोली अशी ती लहानशी शाखा आज ज्यांना मुख्य मार्गाला मागाहून जोडलेलें शेपूट वाटते, त्यांना ती मूळच्या मार्गाचेंच टोक आहे हें सांगूनहि खरें वाटत नाहीं.

बाकीचीं बोटेंहि अशींच निरनिराळ्या हेतूंनीं वाढलेलीं आहेत. पश्चिमेचा मार्ग गुजराथेकडे जाण्यासाठीं बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया ह्या निराळ्या कंपनीनें घातला. हार्बर मार्ग, नांवाप्रमाणेंच, बंदराच्या कडेनें गेला. देशांतील पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यापर्यंत धांवली ती ह्याच मार्गावर. खाडीपलीकडे नवी मुंबई वसूं लागली तेव्हां १९९२ सालीं तो वाशीला गेला व १९९८ सालीं पनवेलला पोंचला. एका हातानें, एका वेळीं, एका शहरासाठीं असा हा नकाशा कोणीच काढलेला नाहीं. नवख्याला तो विसंगत वाटतो, ह्यांत नवख्याचा दोष नाहीं.

आतां फलाटावरील भाषेकडे वळूं. रेल्वेच्या बोलीप्रमाणें मुंबईच्या मुख्य स्थानकाकडे जाणारी गाडी 'अप' आणि तेथून दूर जाणारी 'डाउन'. ह्यांत चढ-उताराचा संबंध नाहीं. कर्जतहून दोन हजार फूट घाट चढून लोणावळ्याला जाणारी गाडी ह्या परिभाषेंत 'डाउन' ठरते! दर्शक-फलकावर गांवाचें नांव येतें, त्याचबरोबर रोमन लिपींतील एक-दोन अक्षरांची खूणहि वापरण्याची जुनी चाल आहे. 'के' म्हणजे कल्याण, 'टी' म्हणजे ठाणें, हें कोणीहि ओळखील. परंतु कसाऱ्याची खूण 'एन' व कर्जतची 'एस' आहे. पहिली ईशान्येची व दुसरी आग्नेयेची, म्हणजे इंग्रजींतील उत्तर व दक्षिण ह्या शब्दांचीं आद्याक्षरें, असें मानलें कीं विसर पडत नाहीं. खोपोलीला थेट जाणारीची खूण 'केपी'. 'ए' म्हणजे अंबरनाथ, ती कर्जतच्या वाटेवरची. 'एएन' म्हणजे आसनगांव, ती कसाऱ्याच्या वाटेवरची. एका अक्षराच्या फरकानें माणूस दुसऱ्या खोऱ्यांत जातो. त्यांत आणखी एक मौज आहे. धिम्या गाडीसाठीं फलकावर लिहितात तें अक्षरहि 'एस'च. कर्जतच्या धिम्या गाडीपुढें दोन 'एस' दिसले तर गोंधळूं नये; एक गांवाचा आहे, दुसरा चालीचा.

ही चाल नीट समजणें फार अगत्याचें आहे. मुख्य स्थानकापासून कल्याणपर्यंत लोकलसाठीं मुख्यतः चार रूळमार्ग आहेत, दोन धिम्या गाड्यांचे व दोन जलद गाड्यांचे. जलद गाडी दादर, कुर्ला, घाटकोपर, ठाणें, डोंबिवली अशा मोठ्या ठिकाणीं थांबते. मधलीं स्थानकें सोडते. कोणतीं सोडील हें मात्र प्रत्येक गाडीचें निराळें असूं शकतें. ध्वनिक्षेपकावरून गाडीचें नांव पुकारल्यावर ती अमुक व अमुक स्थानकांच्या दरम्यान थांबणार नाहीं असें जें शेवटचें वाक्य येतें, तेंच खरें ऐकण्याचें असतें. आणि नेमकें त्याच वेळीं फलाटावर गाडी येऊन आदळते. कल्याणच्या पुढें कर्जतकडे बहुतेक अंतर दोनच रूळमार्ग आहेत, एक जाण्याचा व एक येण्याचा. तेथें जलद आणि धिमी हा भेद जवळजवळ संपतो. मुंबईहून जलद आलेली कर्जत गाडी कल्याणपासून बहुधा प्रत्येक स्थानकावर थांबते, आणि त्याच दोन रुळांवरून पुण्याकडच्या मेलगाड्या व मालगाड्याहि जावयाच्या असतात. वांगणी-नेरळच्या दरम्यान लोकल विनाकारण उभी राहिली म्हणून उतारू चिडतो, तेव्हां बहुधा मागून एखादी मेल येत असते. तिला कर्जतच्या पुढें ३७ फुटांस १ फूट असा चढ चढावयाचा असतो. म्हणूनच बहुतेक गाड्या कर्जतला थांबतात व त्यांना मागून रेटा देणारीं जादा इंजिनें जोडलीं जातात. त्या थांब्यामुळेंच कर्जतचा बटाटेवडा सबंध महाराष्ट्रांत प्रसिद्ध झाला, हेंहि लोहमार्गाचें एक फळच म्हणावयाचें.

एक प्रवास उदाहरणादाखल घेऊं. खोपोलीची एखादी गृहिणी आपल्या वृद्ध वडिलांना घेऊन परळच्या रुग्णालयांत निघाली आहे असें समजावें. केईएम व टाटा हीं दोन्ही मोठीं रुग्णालयें परळच्या परिसरांत असल्यामुळें ह्या दोन तालुक्यांतील कितीतरी कुटुंबांना हा प्रवास कधींना कधीं करावा लागतो. खोपोलीहून तिला थेट गाडी मिळाली तर उत्तम. नाहीं तर कर्जतला बदलावी लागेल. पुढें ती गाडी जलद असेल तर परळला बहुधा थांबणार नाहीं. अशा वेळीं शेजारीपाजारी सांगतात कीं, दादरला उतरावें आणि धिमी पकडावी. तेथून परळ पुढचेंच स्थानक. नकाशावर हें बरोबर आहे. परंतु आजारी माणसाला सकाळच्या गर्दींत दादरच्या जिन्यावरून नेणें म्हणजे शिक्षा. त्यापेक्षां ठाण्याला उतरून, ठाण्याहूनच सुटणाऱ्या धिम्या गाडीची थोडी वाट पाहावी. ती रिकामी लागते, वडिलांना बसावयास जागा मिळते, आणि परळला सावकाश उतरतां येतें. अर्धा तास अधिक जाईल. ज्यांना मार्ग समजला आहे त्यांनाच हा अर्धा तास खर्च करण्याची बुद्धि सुचते. केवळ जवळचा रस्ता पाहणाऱ्याला सुचत नाहीं.

पश्चिम उपनगरांत ज्यांचें काम असेल त्यांनीं गाडी कोठें बदलावी, हा ह्याच जातीचा प्रश्न. पूर्वीं त्याचें एकच उत्तर असे, दादर. दोन कंपन्यांचे मार्ग तेथें शेजारीं आले, म्हणून दादर हें वस्तुतः एकमेकांस चिकटलेल्या दोन स्थानकांचें नांव आहे. दोहोंकडे फलाटांचे क्रमांक स्वतंत्र होते, म्हणजे एकच क्रमांक सांगून दोन माणसें दोन जागीं उभीं राहत. डिसेंबर २०२३ मध्यें मध्य रेल्वेच्या फलाटांना आठपासून पुढचे क्रमांक देण्यांत आले, आणि इतक्या साध्या सुधारणेला एवढीं वर्षें कां लागावीं असा प्रश्न पुष्कळांना पडला. अंधेरीकडे जाणाऱ्यांसाठीं ८ जून २०१४ पासून दुसरी वाट झाली आहे. घाटकोपरला उतरून मेट्रोनें अंधेरी-वर्सोव्याला जातां येतें. कर्जतकराला दादरपर्यंत जाऊन उलट फिरण्याचें कारण उरलेलें नाहीं. वसईकडे जावयाचें तर दिव्याहून जाणाऱ्या गाड्या आहेत, त्या थोड्या असल्यामुळें वेळ आधीं पाहावी. आणि वाशी, नेरूळ, पनवेल ह्या बाजूला ठाण्याहून थेट लोकल मिळते.

मार्ग जेथें जुळतात तेथेंच गर्दीहि जुळते, आणि ती पेलण्याचा विचार आधीं न झाल्यास काय घडतें तें २९ सप्टेंबर २०१७ रोजीं दिसलें. परळ व त्या वेळचें एल्फिन्स्टन रोड हीं दोन्ही रेल्वेंचीं स्थानकें जोडणाऱ्या अरुंद पादचारी पुलावर, पावसानें थबकलेल्या लोकांची चेंगराचेंगरी होऊन वीसहून अधिक माणसें दगावलीं. त्यांतील पुष्कळ जण नेहमींच्या वाटेनें कामाला चालले होते. त्यानंतर तेथें नवा पूल लष्कराकडून बांधून घेण्यांत आला. पुढें २०१८ मध्यें एल्फिन्स्टन रोडचें नांव प्रभादेवी झालें. जुन्या माणसांनीं सांगितलेली खूण शोधणाऱ्यानें हें लक्षांत ठेवावें.

संध्याकाळीं दादरला किंवा घाटकोपरला एक जुना तंटा रोज नव्यानें उभा राहतो. कर्जतची जलद गाडी येते. तिच्यांत कर्जत-खोपोलीच्या माणसांआधीं डोंबिवली व कल्याणचीं माणसें शिरतात, कारण ती जलद आहे आणि पुढें आहे. त्यांना मागून कल्याणची गाडी आहे, तिच्यामागून आणखी आहे. कर्जतच्या उतारूला मात्र पुढची गाडी कितीतरी वेळानें. तिकीट दोघांचें खरें, हक्क दोघांचा सारखा, आणि घरीं लवकर पोंचण्याची घाईहि दोघांची सारखी. असें असलें तरी ज्याला पांच मिनिटांनीं दुसरी गाडी आहे त्यानें, ज्याला नाहीं त्याच्यासाठीं दारांतील वाट मोकळी ठेवणें, हें कोणत्याहि नियमांत न बसणारें पण शहाणपणाचें वर्तन होय. दुर्दैवानें डब्यांतील मंडळी ह्याचा निकाल बहुधा खांद्यानें लावतात. बदलापूरची गाडी पकडून अर्धी वाट काढावी, असाहि सल्ला कित्येक जण देतात. त्यानें गर्दी टळते, वेळ वांचत नाहीं. कारण बदलापूरच्या फलाटावर उभें राहून पुन्हां त्याच कर्जत गाडीची वाट पाहावयाची असते.

पळसदरीपासून खोपोलीपर्यंतच्या टप्प्याचा स्वभाव आणखी निराळा आहे. तो एकेरी मार्ग आहे. गेलेली गाडी रूळ मोकळा करीपर्यंत समोरून दुसरी सोडतां येत नाहीं. म्हणून तेथें गाड्या वाढविणें हें नुसत्या इच्छेचें काम नाहीं. कर्जतची शेवटची गाडी व खोपोलीची शेवटची गाडी ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. रात्रीं उशिरां मुंबईहून निघणाऱ्या खोपोलीकरानें 'कर्जतपर्यंत तर जाऊं, पुढचें पुढें' असें म्हणूं नये. पुढचें आधीं पाहावें, मग निघावें. आणि खुद्द खालापूर, जें तालुक्याचें ठिकाण, त्याला तर स्थानकच नाहीं. कचेरींत कामासाठीं जाणारा माणूस खोपोलीला उतरतो व पुढें एस.टी. किंवा रिक्षा शोधतो. १९१५ पासून खोपोलीच्या वीजगृहानें मुंबईच्या गिरण्या चालविल्या; घाटावरच्या पाण्यानें केलेली वीज मुंबईला क्षणांत पोंचे, तेथल्या माणसाला मात्र अडीच-तीन तास लागत, आणि आजहि थोड्याफार फरकानें तितकेच लागतात.

ह्या पंजाच्या दोन बोटांचीं टोकें जोडणारें काम मात्र हातीं घेण्यांत आलेलें आहे. कर्जत व पनवेल ह्यांना जोडणारा एक एकेरी लोहमार्ग ह्या शतकाच्या पहिल्या दशकांतच झाला, पण तो मालगाड्यांच्या व लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या उपयोगासाठीं. लोकलचा उतारू त्याच्या कडेला राहूनहि परकाच राहिला. त्याच्या जोडीला लोकल गाड्यांसाठीं सुमारें ३० किलोमीटरांचा दुहेरी मार्ग मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यांत मंजूर झाला. २०२५ सालीं त्याचें बांधकाम चालू होतें. पनवेल, चिखले, मोहोपे, चौक व कर्जत अशीं त्यावर पांच स्थानकें आहेत. डोंगर आडवे असल्यामुळें तीन बोगदे खणावे लागले. त्यांतील वावर्ल्याचा बोगदा अडीच किलोमीटरांहून लांब आहे, म्हणजे १९१६ पासून ह्या बाबतींत मिरविणाऱ्या पारसिकच्या बोगद्याच्या जवळजवळ दुप्पट.

ह्या मार्गानें कर्जतच्या उतारूला मुंबईला जावयास दुसरी वाट मिळते, पनवेलवरून हार्बर मार्गानें. अंबरनाथ-बदलापूरच्या बाजूला पावसाळ्यांत रुळांवर पाणी आलें कीं आज कर्जत मुंबईपासून पुरें तुटतें; जुलै २०१९ मध्यें वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पुरांत अडकून तींतील उतारूंना नावांतून बाहेर काढावें लागलें होतें. त्याहून मोठा फरक चौकचा. चौक हें गांव खालापूर तालुक्यांत आहे; तेथील मनुष्यानें लोकलसाठीं आजवर कर्जत, खोपोली किंवा पनवेल गांठलें. नवी मुंबईंत नोकरी करणाऱ्या कर्जतच्या माणसाला कल्याणवरून ठाण्याला जावें लागतें, तेथें गाडी बदलून खाडीपलीकडे उतरावें लागतें. तो सबंध पंजाला वळसा घालतो. पनवेल त्याच्या घरापासून तीस किलोमीटर आहे. आणि खोपोलीला ह्यांतून काय मिळणार, हें पळसदरीपासूनच्या एकेरी रुळाचें पुढें काय होतें त्यावर अवलंबून आहे.